समथरवाल्या बऊंचा अंगठा

झाशीला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात प्रत्येक जण एकच विचारतो, "किल्ला पाहिलास का?" नाही पाहिला. शाळेत असताना दर वर्षी सहल तिथेच जायची. बाईंना दुसरं ठिकाण सुचायचंच नाही. या खेपेला मी गेले होते ती कापडी हत्तींसाठी. एवढं सांगितलं की समोरचा माझ्या पिकलेल्या केसांकडे बघतो आणि हवापाण्याचं बोलायला लागतो. म्हणून म्हटलं, एकदाच सगळं लिहून काढावं.

माझे वडील झाशीजवळच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, आणि माझं लहानपण त्या कारखान्याच्या कॉलनीत गेलं. कॉलनीतली मराठी घरं म्हणजे बदलीवर आलेली, निवृत्त झाली की गाशा गुंडाळून नाशिक-पुण्याला परतणारी. गावातले मराठी वेगळे. माझी मैत्रीण वसुधा गावातली. तिचे पूर्वज देवळाचे पुजारी म्हणून इकडे आले ते नेमके केव्हा, हे त्यांच्या घरातही कोणाला सांगता येत नाही. मी कॉलनी सोडली, पुण्यात बँकेत लागले, परदेशी व्यापाराच्या खात्यात सगळी नोकरी काढली. वसुधा झाशीतच राहिली आणि गावाला लागूनच असलेल्या बिजौलीला तिने मऊ खेळण्यांचा छोटा कारखाना काढला.

तिचा फोन आला तो असा. "शैले, तू बँकेत परदेशी मालाचे कागद बघायचीस ना? मग ये इकडे. माझा पहिलाच माल बाहेर चाललाय आणि तो अडकून बसलाय. अमेय जे सांगतो ते मला समजत नाही, आणि मी जे सांगते ते त्याला पटत नाही."

स्टेशन

फेब्रुवारीतली दुपार होती, ऊन कलत आलेलं. फलाटावर कोणीतरी "शैले! ए शैले!" म्हणून ओरडत होतं आणि मी दोन हाकांना वळलेच नाही. लग्नात सासरच्यांनी माझं नाव मंजिरी ठेवलं. तेव्हा ते कोणाला वावगं वाटायचं नाही, मलाही वाटलं नाही. शैला म्हणणारी माणसं मग एकेक करून गेली आणि ते नाव माझं आहे हे माझ्याच कानांना आठवेनासं झालं. तिसऱ्या हाकेला वळले तर समोर वसू, केस पांढरेशुभ्र, हसू मात्र आठवीतलं. मला एकदम भरून आलं. डोळ्यांत धूळ गेली म्हणून मी पदर लावला.

"धूळ तर आहेच झाशीत," ती म्हणाली. "तू रडून घे निवांत."

तिचा मुलगा अमेय गाडी घेऊन आला होता. तिशी ओलांडलेला, कारखान्याचं सगळं कॉम्प्युटरचं काम तोच बघतो. त्याला मराठी पूर्ण कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"मौसी जी, सफर ठीक रहा?"

"मावशी म्हण रे," वसू म्हणाली.

"मावशी जी, सफर ठीक रहा?"

घरी पोचल्यावर कढी आणि गरम पोळ्या झाल्या. वसूच्या घरी अजून स्वयंपाकाला सैपाक म्हणतात आणि कढी ओगराळ्यानेच वाढतात. तिची आई आम्हा कॉलनीतल्या मुलींना हसायची. "किचन काय म्हणता गं? महाराष्ट्रातून येता आणि मराठी विसरून येता." त्या बाईंनी आयुष्यात महाराष्ट्र पाहिला नव्हता. त्यांच्या तोंडचे ते जुने शब्द ऐकायला आता पुण्यात कोणाकडे जावं, हे मला ठाऊक नाही. मी ओगराळं हातात धरून उगीचच बसून राहिले, तेव्हा वसूने ते काढून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी कढी ओतली.

बिजौली

झाशी म्हटलं की लोकांना तलवार आठवते. पण या गावात घरोघरी मऊ खेळणी शिवतात, हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. वसूची जागा म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला कापड कापतात, मधे पंखे गरगरत असतात आणि दुसऱ्या टोकाला भरून झालेले हत्ती सोंडा वर करून ढिगाने पडलेले असतात. शिवणाऱ्या बायका जवळच्या वस्तीतल्या. कोणी इथे बसून शिवतात, कोणी गठ्ठा घरी नेतात.

इतकी वर्षं वसूचा माल दिल्लीच्या व्यापाऱ्याकडे जायचा. तो त्यावर स्वतःचं नाव लावून परदेशी पाठवायचा. तिकडच्या गिऱ्हाइकाला झाशी ठाऊक नाही, वसू ठाऊक नाही. ओळख ना पाळख, कोणी कोणावर विश्वास ठेवायचा? आमच्या बँकेचं पोट त्या अविश्वासावरच चालायचं. विकणारा घेणाऱ्याला ओळखत नाही, म्हणून मधे आम्ही आणि आमचे शिक्के. किती जहाजांची कागदपत्रं मी हातावेगळी केली असतील! त्या कागदांना समुद्राचा वास येतो असं मला वाटायचं. माझा साहेब म्हणायचा, तो गोंदाचा वास आहे.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत आमच्याकडे ब्लॉकचेन आलं. मी प्रशिक्षणाला गेले आणि घरी येऊन नवऱ्याला समजावलं ते असं: बैठकीत चारचौघांदेखत सोयरीक ठरते ना, तसंच हे. शब्द एकाच वेळी सगळ्यांच्या कानावर जातो. पुढे एकाने फिरवायचा म्हटलं तरी बाकीचे सांगतात, नाही हो, तेव्हा असं बोलणं झालं होतं. इथे माणसांऐवजी कॉम्प्युटर असतात आणि शब्द प्रत्येकाकडे जसाच्या तसा राहतो. खोडता येत नाही. चुकलं तर खाली नवा शब्द जोडायचा, जुना तिथेच राहणार.

वसूला या साखळीनेच डेन्मार्कचं दार उघडून दिलं. तिकडच्या एका खेळण्यांच्या कंपनीला दिल्लीचा मध्यस्थ नको होता. त्यांना कापडाच्या गिरणीपासून दुकानाच्या फळीपर्यंत प्रत्येक हत्तीचा प्रवास दिसायला हवा होता. कापड कुठलं, शिवलं कोणी, तपासलं कोणी, पेटी बंदरात पोचली कधी. ही माहिती सगळ्यांकडे एकसारखी, म्हणून वसूची ओळख नसली तरी त्यांचं अडत नव्हतं. झाशीच्या पत्र्याच्या शेडला परदेशी जायला पूर्वी कोणाचं तरी बोट धरावं लागायचं. आता लागत नव्हतं. मला मनापासून आनंद झाला, आणि आमच्या शिक्क्यांसाठी थोडं वाईटही वाटलं.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

अमेयने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. प्रत्येक गठ्ठ्याला एक क्यूआर कोड होता. शिवणारीने काम सुरू करताना तो मोबाइलला दाखवायचा आणि रेशनच्या दुकानात असतं तसल्या छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायचा. की झाली नोंद: हा गठ्ठा अमुक बाईने शिवला. मी एकामागून एक गठ्ठे बघत गेले. शिवणारी रामकुँवर. शिवणारी रामकुँवर. शिवणारी रामकुँवर. पुढेही तेच.

"ही रामकुँवर कोण? राक्षसीण आहे का?"

"बऊ हैं," अमेय कपाळाला हात लावून म्हणाला. "पचहत्तर के ऊपर होंगी. सुई में धागा भी कोई और डालता है."

बुंदेलखंडात आईला, आजीला बऊ म्हणतात. या बऊ वस्तीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. लग्नाची हळद, नव्या चुलीचा पहिला जाळ, बाळाचं पहिलं अंगडं, सगळं त्यांच्या हातून सुरू व्हायचं. म्हणून हे नवं यंत्र आलं आणि अमेयने सांगितलं की 'काम शुरू करने से पहले अंगूठा', तेव्हा बायकांना त्यात समजण्यासारखं काही अवघड वाटलंच नाही. सुरुवात म्हणजे बऊ. रोज प्रत्येक जण आपला गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे जायची, बऊ अंगठा टेकवायच्या, मग सुई चालायची. अमेय तेव्हा दिल्लीला सल्लागाराकडे खेपा घालत होता आणि वसू पेट्यांमागे होती, म्हणून दोघांच्याही हे लक्षात आलं नाही.

शेडमध्ये शिवत बसलेल्या एकीला मी विचारलं. तिला सगळे मोंठवाली म्हणत होते. मोंठ हे तिचं माहेर.

"दीदी, आप ही बताओ," ती म्हणाली, "बऊ बैठी हों तो हम पहले अंगूठा लगा दें? अच्छा लगेगा?"

अच्छा लगणार नाही, हे तर मलाही कळत होतं.

पण डेन्मार्कच्या कॉम्प्युटरला ते कळलं नाही. एकटी म्हातारी हजारो हत्ती शिवते म्हटल्यावर त्याने धोक्याचा इशारा दिला. तिकडच्यांना वाटलं, हिच्या नावाआड भलतंच कोणीतरी राबवलं जातंय. कदाचित पोरं. माल थांबला. त्यांच्या कारेनबाई त्या दिवशी व्हिडिओवर आल्या, बोलणं सभ्य, चेहरा दगडी. प्रत्येक गठ्ठ्यावर खरी शिवणारी कोण ते जोडा, म्हणाल्या, आणि ते जिचा अंगठा आहे तिनेच जोडलं पाहिजे. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला दुरुस्ती जोडता येणार नाही. या जहाजावर माल चढला नाही तर आम्ही दुसरीकडून घेऊ.

फोन ठेवल्यावर मायलेकांची जुंपली. अमेयच्या सल्लागाराने सोपी वाट काढून दिली होती: नव्या नावाने नवी नोंदणी करा, नवी साखळी सुरू करा, बऊंना कामगारांतून काढून टाका. "वैसे भी वो काम तो करती नहीं हैं, मम्मी."

"आणि जुनी साखळी?" वसू म्हणाली.

"पड़ी रहेगी."

वसूने माझ्याकडे पाहिलं. मी माझा बँकेतला अनुभव सांगितला. नाव बदलून आलेल्या माणसाला आम्ही दुप्पट बारकाईने तपासायचो, आणि तो सापडायचाच. वसू बराच वेळ हत्तीची सोंड मुरगाळत बसली. मग म्हणाली, "दिल्लीवाला गेला म्हणून मी आनंदात होते. आता खरं नाव झाकून मीच माझा दिल्लीवाला होऊ का? बऊ माहेरी समथरला गेल्यात, भावाच्या नातवाच्या लग्नाला. उद्या त्यांना घेऊन येऊ."

समथर

कानपूरच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना गहू, मधूनमधून मोहरीचं पिवळं. वाटेत टपरीवर ठडूला खाल्ला, उडदाचं सारण भरलेली गरमागरम पुरी. लहानपणी बाबा रविवारी हे कागदात बांधून आणायचे आणि कागद तेलाने आरपार दिसायला लागायचा. मी दोन खाल्ले आणि तिसऱ्याकडे पाहिलं, तेव्हा वसूने मला गाडीत कोंबलं.

मोंठ ओलांडल्यावर टायर बसला. जादाचा टायर काढला तर तोही बसलेला. कुठलं जहाज कुठल्या समुद्रात आहे ते अमेय मोबाइलवर सांगू शकतो, पण आपल्याच डिकीतला टायर कधीपासून रिकामा आहे ते त्याला माहीत नव्हतं. वसूने तोंड उघडलं तसं तो म्हणाला, "मम्मी, प्लीज." पंक्चर काढणाऱ्याने शेतातले ताजे मटार आमच्या ओंजळीत टाकले. आम्ही दोघी दगडावर बसून शेंगा सोलत राहिलो. शाळा बुडवून दोन मुली बसतात तशा. वसू म्हणाली, "शैले, माल गेला नाही तर शेड बंद करावी लागेल. या बायकांना मी काय सांगू?" तोवर ती हे इतकं उघड बोलली नव्हती.

समथर एके काळचं संस्थान. आता तिथे बाजार आहे, भाजी आहे, चप्पल आहे, लग्नाचा मंडप आहे. मंडपामागच्या अंगणात बऊ खाटेवर बसल्या होत्या, किरकोळ बांधा, चष्म्याच्या काचा जाड. इथे त्यांना कोणी बऊ म्हणत नव्हतं. त्यांचा भाऊ, तोही ऐंशीच्या घरातला, आतून ओरडला, "काए कुँवर, कोऊ आओ है का?" बिजौलीला त्या समथरवाली बऊ. इकडे सासरी बायकोचं नाव कोणी घेत नाही, माहेरच्या गावावरून हाक मारतात. आम्ही महाराष्ट्रातले त्यावर हसायला मोकळे नाही. आमच्याकडे तर नावच पुसून दुसरं ठेवायचे.

त्यांनी मला शेजारी बसवलं, पुडीतले लाडू हातावर ठेवले आणि विचारलं, "कितै सें आईं बिटिया?" पुण्याहून म्हटलं. "इत्ती दूर सें? हमाए लाने?" आपल्यासाठी कोणी इतक्या लांबून येतं, हे त्यांना खरंच वाटेना.

मग वसूने सगळं सांगितलं. सांगताना ती अडखळत होती, म्हणून मीही हिंदीत भर घातली. अंगठ्याचा अर्थ त्या यंत्रात 'हे मी शिवलं' असा होतो, आणि ते समुद्रापार लिहिलं गेलंय, प्रत्येक हत्तीवर.

बऊंनी हातातला लाडू पुडीत परत ठेवला.

"हमने तो शगुन करो तो," त्या म्हणाल्या. "सबके काम को शगुन."

"हो बऊ, आम्हाला ठाऊक आहे..."

"और उतै लिखो है के हमने सियो है? सब?"

वसूने मान हलवली.

"तुमने हमसें झूठ बुलवा दओ, वसुधा." आवाज चढला नव्हता. "जिंदगी भर काऊ से झूठ नईं बोलो. अब मरती बिरिया में परदेस तक बोल आए."

त्या उठून आत गेल्या. आम्ही अंगणात उभे. मांडवात बँड वाजत होता, कोणीतरी आम्हाला सरबत आणून दिलं. अमेय हळूच म्हणाला, "अब?" मला माझाच राग आला. इतकी वर्षं लोकांचे कागद तपासले, पण सही करणाऱ्याला काय वाटत असेल हे कधी कोणाला विचारलं नाही, कारण ते माझ्या कामात बसत नव्हतं.

बऊ बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती.

"मिटत नइयाँ?" त्यांनी मला विचारलं.

"नाही बऊ, पुसता येत नाही. खाली खरं जोडता येतं."

"और वो को जोड़ है?"

"तुम्हीच. तुमच्याच अंगठ्याने."

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "तो चलो," त्या म्हणाल्या. "जित्ते अंगूठा झूठे, उत्ते सच्चे."

लक्ष्मी ताल

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी थांबवायला लावली. तळ्याकाठच्या महालक्ष्मीचं दर्शन घेतल्याशिवाय अंगठा लावणार नाही, म्हणाल्या. अमेयने घड्याळ बघितलं, पण गाडी तळ्याकडे वळवली.

या तळ्यावर मी आणि वसू तिच्या आईबरोबर यायचो. त्या देवीला नैवेद्य दाखवून झाला की आम्हाला काठावर बसवायच्या आणि पानातलं केळं वाटून द्यायच्या. अर्धं अर्धं, मापून. आता काठाला कठडे आलेत, दिवे आलेत, सेल्फी काढणारी जोडपी आहेत. पाणी मात्र संध्याकाळी तसंच तांबूस होतं. आई, बाबा, वसूची आई, कॉलनीतला गणपती, सगळं एकदम इतकं जवळ आलं की मी कठडा घट्ट धरला. बऊ देवळातून बाहेर आल्या आणि आम्हा दोघींच्या तोंडात बत्तासा घालून म्हणाल्या, "चलो मोड़ियों, काम परो है." साठी ओलांडलेल्या आम्ही, आम्हाला मोड़ी म्हणजे पोरी म्हणणारं कोणी उरलं आहे याचंच मला नवल वाटलं.

पुन्हा बिजौली

सकाळी शेडमध्ये सगळ्या बायका जमल्या. मधोमध खुर्ची टाकली, पण बऊ जमिनीवरच बसल्या. अमेय गठ्ठ्याचा क्रमांक वाचायचा, तो गठ्ठा शिवणारी पुढे यायची, आपलं नाव सांगायची, आणि बऊ यंत्रावर अंगठा ठेवायच्या.

पहिली मोंठवाली आली आणि गप्प उभी राहिली.

"नाम बताइए," अमेय म्हणाला.

ती पदराआड हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या. मोठ्याने आपलं नाव घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. शेवटी ती म्हणाली, "सावित्री."

"सावित्री?" बऊ म्हणाल्या. "हमें तो मालूमई नईं ती." आणि अंगठा ठेवला.

मग नावं येत गेली. गेंदा, शांती, फूलवती, मुन्नी. बऊ प्रत्येक नाव ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, अंगठा टेकवायच्या. दमल्या की पाणी प्यायच्या. वसूने दोनदा म्हटलं, उरलेलं उद्या करू. त्यांनी हात झटकला. बँकेत आमच्याकडे दुरुस्तीचा शिक्का मारायला अर्धं मिनिट लागायचं आणि कोणी मान वर करून बघायचंही नाही. इथे प्रत्येक दुरुस्तीला एक माणूस समोर उभं राहत होतं. कोणी सांगितलं नसतानाही ज्यांचं झालं होतं त्या निघून गेल्या नाहीत. चहा आला, पोहे आले, जेवायची वेळ टळून गेली, शेड भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारेनबाईंचा निरोप आला. दुरुस्त्या पोचल्या, शंका मिटली, माल जहाजावर चढवा. पुढच्या मालासाठी एक नियम मात्र पक्का: जी शिवेल तिनेच अंगठा लावायचा, दुसऱ्या कोणाचा चालणार नाही. वसूने पदराने तोंड पुसलं. अमेय आईच्या पाया पडला. मराठीत म्हणाला, "आई, झालं." तिला तो एरवी मम्मीच म्हणतो.

नियमाचं बायकांना सांगितलं, तेव्हा सावित्रीने साधा तोडगा काढला. गठ्ठा आधी बऊंच्या पुढे न्यायचा, त्या त्यावर हात ठेवतील. मग बाजूला येऊन आपला अंगठा. "मशीन को बऊ से क्या लेना-देना," ती म्हणाली.

माझी गाडी संध्याकाळची होती. पेट्या बंद होत होत्या. शेवटी एक गठ्ठा उरला, कापडाच्या ताग्याच्या टोकातून निघालेला, जेमतेम एका हत्तीचा. लग्नाला जाण्याआधी बऊंनी त्याच्यावर अंगठा ठेवला होता, पण तो शिवायचा राहून गेला होता.

"इसमें किसका नाम जोड़ें?" अमेयने विचारलं.

"काऊ को नईं," बऊ म्हणाल्या. "जौ हमें दै दो." हा त्यांना स्वतःला हवा होता.

वसू म्हणाली, "बऊ, डोळ्यांना त्रास होईल." त्या ऐकेनात. सावित्रीने सुई ओवून दिली आणि बऊ शिवायला बसल्या. जन्मभर त्यांनी कथरी शिवली होती, गोधडीसारखी, तसेच लांब सरळ टाके घालत गेल्या. मध्येच थांबायच्या, बोटांनी शिवण चाचपायच्या, थोडं उसवून पुन्हा घालायच्या. दोन तास गेले. माझ्या गाडीची आठवण कोणी केली नाही, मीही केली नाही. एक कान दुसऱ्यापेक्षा वर बसला होता.

हत्ती तपासणीच्या टेबलावर आला. टेबलामागे वसू होती, आणि ती या बाबतीत कोणाची भीडभाड ठेवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने कान ओढून पाहिला, मग सोंड, मग चारही पाय. शिवण जराही सरकली नाही. वाकड्या कानाकडे ती बघत राहिली. मग तिने हत्ती पेटीत ठेवला.

अमेयने कॉम्प्युटर बऊंसमोर धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानेच वाचलं. "शिवणारी, रामकुँवर."

"फिर सें पढ़ो."

"शिवणारी, रामकुँवर."

"हओ," बऊ म्हणाल्या. "जौ हमने सियो है."